आवृत्ती आणि निगा

सॉफ्टवेअर आता लागणाऱ्या सगळ्या सामानासकट पेटीत बांधून चालवतात. तिला कंटेनर म्हणतात. हजारो पेट्या सांभाळणारं कुबरनेटीस गूगलनं 2014 मध्ये खुलं केलं. फुकट! मग रेड हॅटसारख्या कंपन्या बँकांकडून पैसे घेतात ते कशाचे? तर निगेचे.

कुबरनेटीसच्या आवृत्त्या भराभर येतात, वर्षाला साधारण तीन. जुनीची दुरुस्ती मूळ प्रकल्प आधी नऊच महिने करी. लोकांना नवी आवृत्ती वेळेत चढवणं जमेना, म्हणून 2020 पासून ही मुदत सुमारे 14 महिने झाली. मोठ्या संस्थेला तीही अपुरी पडते. त्यानंतर भोक सापडलं तर बुजवणार कोण? रात्री दोनला फोन कोण उचलणार? कंपनीशी करार होतो तो इथं.

नाशिककरांना हे नवं नाही. ओझरचा विमान कारखाना 1964 चा. रशियन परवान्यावर तिथं मिग-21 बांधलं, पुढं त्याच्या सुधारित आवृत्त्याही. हे विमान आपल्या हवाई दलातून 2025 मध्ये निवृत्त झालं. परवाना बाहेरून आला. पण ते खोलून पुन्हा जोडणारे हात इथं तयार झाले, म्हणून ते इतकं टिकलं.

करारानं मुदत मिळते, जाण नाही. ती आपल्या माणसांतच घडवावी लागते.