अमळनेरचे वनस्पती तूप व हृद्रोगाचा प्रतिबंध

हृद्रोगाच्या प्रतिबंधाचा विचार सामान्यतः व्यक्तीच्या आहारविहारापासून सुरू होतो. परंतु ताटात येणाऱ्या अन्नाचे गुणदोष पुष्कळदा ताटापासून दूर, कारखान्यात व कायद्यात ठरत असतात. खानदेशातील वनस्पती तुपाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे पुढील काळातील जळगाव व धुळे जिल्हे, हे कापसाप्रमाणेच भुईमुगाचेही प्रदेश होत. पूर्व खानदेशातील अमळनेर येथे मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. पुढे 'विप्रो' या नावाने ओळखली गेली ती हीच. भुईमुगाच्या तेलापासून तेथे वनस्पती तयार होई. निकेलच्या सान्निध्यात तेलाशी हायड्रोजनचा संयोग घडविला म्हणजे ते घट्ट होते व अधिक काळ टिकते. साजूक तूप न परवडणाऱ्या कुटुंबांना हा पदार्थ सोयीचा वाटला, यात नवल नाही.

या पदार्थाविषयी शासनाची तत्कालीन चिंता निराळी होती. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील १९५५ च्या नियमांनुसार वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल असणे आवश्यक होते. कारण रासायनिक परीक्षेत तिळाचे तेल तांबडा रंग देते व तुपातील भेसळ उघडकीस येते. तूप शुद्ध आहे काय, एवढेच कायद्याने विचारले. रोहिण्यांवर या पदार्थाचा परिणाम काय होतो, हे विचारले नाही.

त्याबद्दल त्या पिढीस दोष देणे अनैतिहासिक ठरेल. हृद्रोगाच्या कारणांचा दीर्घकालीन शोध घेणारी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमची पाहणी १९४८ मध्येच सुरू झाली होती. अर्धवट हायड्रोजनीकरणात उत्पन्न होणारी ट्रान्स मेदाम्ले अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात, हे तर नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांच्या प्रयोगाने १९९० साली दाखविले. भारतात खाद्यतेले व स्निग्ध पदार्थ यांतील या मेदाम्लांची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर व २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आली.

तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे, रक्तदाब वेळोवेळी तपासून घेणे, ही व्यक्तीच्या हातची साधने होत व त्यांचे महत्त्व अबाधित आहे. परंतु जिभेला न कळणारा दोष गृहिणीने ओळखावा, अशी अपेक्षा करता येत नाही; तेथे नियमच उपयोगी पडतो. म्हणून खानदेशातील हृद्रोगाचा इतिहास लिहिणाऱ्यास रुग्णालयाच्या नोंदवहीबरोबर तेल गिरणीचे दप्तरही उघडावे लागेल.