भारतीय हवाई दलातील लिबरेटर विमाने

बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बनावटीचे, चार इंजिनांचे जड बॉम्बफेकी विमान होय. भारतीय हवाई दलाने ही विमाने १९४८ ते १९६८ या काळात वापरली. त्यातील बराच काळ त्यांचा मुख्य तळ पुण्याजवळील लोहगाव हा होता. ही विमाने नवी विकत घेतलेली नव्हती. जमिनीवर उभी असताना जाणूनबुजून निकामी केलेल्या विमानांतून ती पुन्हा उभी करण्यात आली होती.

पार्श्वभूमी

महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सला ‘लेंड-लीज’ व्यवस्थेखाली लिबरेटर विमाने उसनवार दिली होती. ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांचा मोठा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर ती परत करणे किंवा निरुपयोगी करणे ब्रिटिशांना बंधनकारक होते. त्यामुळे कानपूरजवळील चकेरी येथे ती ओळीने उभी करून त्यांची मोडतोड करण्यात आली. काहींवर बुलडोझर घातले गेले, काहींच्या पत्र्याला भोके पाडली गेली, तर काहींच्या इंजिनांत वाळू ओतली गेली. शत्रूच्या तोफांतून वाचलेल्या विमानांच्या नशिबी हे मित्रांच्या हातून यावे, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

पुनरुज्जीवन

स्वातंत्र्यानंतर, काश्मीरमधील लढाई चालू असताना, भारताकडे जड बॉम्बफेकी विमाने नव्हती. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे चकेरीतील सांगाडे दुरुस्त करण्याचे काम सोपवण्यात आले. एका विमानाचा चांगला भाग दुसऱ्याला जोडत ती उड्डाणक्षम करण्यात आली. मात्र संपूर्ण दुरुस्तीसाठी ती आधी बंगळूरला नेणे भाग होते. तात्पुरती डागडुजी केलेली ही विमाने तेथवर उडवत नेण्याची जोखीम कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पत्करली. अशा रीतीने सुमारे ४० विमाने सेवेत आली.

सेवा

नोव्हेंबर १९४८ मध्ये लिबरेटर विमानांसह क्रमांक ५ची तुकडी स्थापन झाली. १९५१ मध्ये क्रमांक ६च्या तुकडीलाही ही विमाने मिळाली. १९५७ मध्ये कॅनबेरा ही जेट बॉम्बफेकी विमाने आल्यावर लिबरेटरचे मूळ काम संपले. परंतु दीर्घ पल्ल्यामुळे क्रमांक ६ची तुकडी त्यांचा सागरी टेहळणीसाठी वापर करीत राहिली. त्यासाठी पोटाखालील तोफेच्या जागी रडार बसवण्यात आले. १९६८च्या अखेरीस ती निवृत्त झाली.

जतन

अमेरिकेत १८,०००हून अधिक लिबरेटर विमाने तयार झाली होती. युद्धानंतर त्यांतील बहुतेक सर्व भंगारात गेली. आज जगात शिल्लक असलेल्या मोजक्या विमानांपैकी अनेक भारतीय हवाई दलाच्या सेवेतील आहेत. कॅनडाने १९६८ मध्ये लायसँडर विमानाच्या बदल्यात एक नेले. १९६९ मध्ये दुसरे पुण्याहून उडत अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या पिमा संग्रहालयाकडे गेले. १९७४ मध्ये आणखी एक ब्रिटनमधील रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला मिळाले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतलेले एक विमान तर १९८९ मध्ये पुन्हा आकाशात झेपावले. भारतात दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात एक लिबरेटर पाहता येते.