मालेगावचा लाल रंग सुरगाण्याला कसा लागला?

मे २०२० आठवतोय? सकाळी उठलं की व्हॉट्सअॅपवर पहिला प्रश्न एकच: आपण रेड की ऑरेंज? ३० एप्रिलला केंद्राने देशातल्या जिल्ह्यांची यादी काढली. १३० रेड, २८४ ऑरेंज, ३१९ ग्रीन. आपला नाशिक जिल्हा रेडमध्ये, आणि त्याचं मोठं कारण मालेगाव. यंत्रमागांचं शहर, दाट मोहल्ले, छोटी घरं. एप्रिलमध्ये तिथे आकडे भराभर चढले होते.

पण जिल्हा लाल म्हणजे गुजरातच्या हद्दीवरचा सुरगाणाही लाल! आता ही हद्द आली कुठून बघा. १८६९ पर्यंत मालेगाव खानदेशात होतं. त्या साली इंग्रजांनी अहमदनगरचे आणि खानदेशचे तालुके जोडून नाशिक जिल्हा केला. सुरगाणा तर संस्थान होतं, ते स्वातंत्र्यानंतर आलं. महसूल आणि कारभारासाठी आखलेली रेघ, आणि दीडशे वर्षांनी तिच्यावरून ठरतंय की कुणाचं दुकान उघडणार!

मग जिल्हाच का? कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर. अधिकार जिथे, रेघ तिथे. केंद्राने एक फट ठेवली होती, ती फार लोकांना माहीत नव्हती. महापालिकेची हद्द वेगळी धरता येईल. बाहेरच्या भागात २१ दिवस एकही रुग्ण नसेल तर त्याचा रंग एक पायरी खाली आणता येईल. ऐकायला छान. पण आपल्या जिल्ह्यातला पहिला रुग्णच सापडला होता निफाड तालुक्यात, लासलगावजवळ. कांद्याच्या पट्ट्यात!

बरं, मग रेघ अजून बारीक करा. मोहल्ला, वॉर्ड, गाव, असे कंटेनमेंट झोन केलेच की. मला स्वतःला हे जास्त न्याय्य वाटतं. पण बारीक रेघेला ताजी माहिती लागते, आणि तेव्हा चाचणीचा अहवाल यायला कित्येक दिवस जायचे. म्हणजे बांबू बांधेपर्यंत आजार पुढच्या गल्लीत. शिवाय रेघेवर माणसं उभी करावी लागतात. मालेगावच्या बंदोबस्ताला गेलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान औरंगाबाद, जालन्याला परतले, तेव्हा त्यांच्यातले डझनावारी पॉझिटिव्ह निघाले. रेघ राखणाराच रेघ ओलांडून गेला, आणि त्यात त्याचा काय दोष?

सगळ्यात बारीक रेघ आपल्या नाशिक शहरात आली, मार्च २०२१ च्या अखेरीस. बाजारात जायचं तर ५ रुपयांची पावती, वेळ एक तास. जास्त रेंगाळलात तर ५०० रुपये दंड. आता हद्द गल्लीची नाही, घड्याळाची! लोक हसले, चिडले, मीम्स आले. भाजी घ्यायला आलेल्या आजीला पावतीवरची वेळ कोण वाचून दाखवणार, हा प्रश्न मात्र मीममध्ये आला नाही.

जून २०२१ मध्ये राज्याने पाच लेव्हल काढल्या, तेव्हा १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिका जिल्ह्यापासून वेगळ्या मोजल्या. जनगणना २०११ ची. नाशिक शहर सुटं झालं. मालेगाव पाच लाखांच्या आतलं, म्हणून ते राहिलं उरलेल्या जिल्ह्यात, सुरगाण्यासोबत.