कोकराची लोकर: इंग्लंडांतील एका हिवाळी पेयाची कथा

इ. स. १६६६ च्या सप्टेंबर महिन्यांत लंडन शहराचा मोठा भाग आगीनें भस्मसात् झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, ९ नोव्हेंबरच्या रात्रीं, इंग्लंडच्या आरमार-खात्यांतील एक अधिकारी सॅम्युएल पीप्स हा एका मेजवानीहून घरीं परतला आणि मंडळी जमवून पहांटे दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत बसला. खेळतां खेळतां काय प्राशन केलें, हेंही त्यानें आपल्या रोजनिशींत टिपून ठेविलें आहे. त्या पेयाचें नांव ‘लॅम्ब्ज वूल’, म्हणजे कोकराची लोकर!

नांव ऐकून हंसूं येतें. पण वस्तु मोठी रुचकर असली पाहिजे. जवाला मोड आणून, ते वाळवून, त्यापासून आंबविलेली ‘एल’ नांवाची मदिरा मंद आंचेवर तापवावयाची. तिच्यांत साखर, आलें आणि किसलेलें जायफळ घालावयाचें. आणि शेवटीं विस्तवावर भाजून फुटलेलीं आंबट रानसफरचंदें त्यांत सोडावयाचीं. सफरचंदांचा पांढुरका गर फेंसासारखा वर तरंगूं लागला, कीं कोकराच्या अंगावरील लोकरीची आठवण होई; त्यावरूनच हें नांव पडलें, असें म्हणतात. डेव्हन परगण्यांत धर्मोपदेशक असलेला कवि रॉबर्ट हेरिक यानें तर या पेयाचें साहित्य एका कवितेंतच गुंफलें आहे.

मद्याची थोरवी गाण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु या प्याल्याची गोडी कळावयाची तर तेथील हिवाळा डोळ्यांपुढें आणला पाहिजे. डिसेंबर-अखेरीस लंडनमध्यें दिवस आठ तासांचाही नसतो. त्या शतकांतील हिवाळे तर आजच्याहून कडक, इ. स. १६८३-८४ च्या थंडींत थेम्स नदी अशी गोठली, कीं तिच्या पात्रावर दुकानें थाटून जत्रा भरली होती. झाडें निष्पर्ण, शेतें उघडीं, कामाला खळ आणि वसंत अजून दूर. अशा वेळीं चुलीपाशीं बसून ऋतु पालटण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला त्या ऊन घोटानें ऊब येई, धीरही येई.

नाताळानंतरच्या बाराव्या रात्रीं या प्याल्याला विशेष मान असे. ‘वॅसेल’ हें त्याचें दुसरें नांव. त्याचा मूळ अर्थ ‘निरोगी राहा’ असा, म्हणजे तो एक आशीर्वादच होय. गोरगरीब लोक लांकडी वाडगा घेऊन गाणीं म्हणत धनिकांच्या दारोदार फिरत. घरच्यांचें कल्याण चिंतीत आणि पैसा, खाणें-पिणें पदरांत पाडून घेत. आपल्याकडे शिमग्याला पोस्त मागण्याची रीत आहे, तिच्याच जातीची ही रीत. सॉमरसेट परगण्यांत तर माणसांबरोबर झाडांचेंही अभीष्ट चिंतीत. तेथें एलऐवजीं सफरचंदांचीच मदिरा घेऊन लोक बागेंत जात, थोडी मुळाशीं ओतीत, तींत भिजविलेले पावाचे तुकडे फांद्यांत ठेवीत आणि भुतांखेतांना पिटाळण्यासाठीं बंदुकांचे बार काढीत. हेतु हा, कीं येत्या हंगामांत झाड फळांनीं लवावें. इ. स. १७५२ मध्यें इंग्लंडनें पंचांग सुधारलें व सप्टेंबरच्या २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. कायद्यानें अकरा दिवस गळाले, पण झाडांना कायदा कोण समजावणार? कारहॅम्प्टन गांवीं हा विधि जुन्या गणतीप्रमाणें १७ जानेवारीलाच होत राहिला, आणि तो आजही होतो.

जव गांवच्या शेतांतला, सफरचंदें गांवच्या रानांतलीं. जायफळ मात्र गांवचें नव्हे. त्या काळीं सगळ्या जगाला जायफळ पुरविणारीं बेटें म्हणजे पूर्वसमुद्रांतील चिमुकलीं बांदा बेटें. तेथील लोक ज्याला वाटेल त्याला माल विकीत, हें डच ईस्ट इंडिया कंपनीला खपलें नाहीं. इ. स. १६२१ सालीं तिचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसोन कून हा आरमार घेऊन बेटांवर चालून गेला. चाळीसांहून अधिक प्रमुखांची मुंडकीं उडविण्यांत आलीं. कित्येक लोक लढाईंत पडले, कित्येक उपासमारीनें मेले, कित्येकांना गुलाम करून परमुलुखीं नेलें. सुमारें पंधरा हजारांच्या वस्तींतून हजाराच्या आसपासच माणसें बेटांवर उरलीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मग जायफळाच्या बागांची वांटणी करून त्या गुलामांच्या कष्टावर चालविल्या गेल्या. मूळ मालकाला नाहींसा करून त्याची बाग ‘व्यवस्थित’ राखण्याचें हें शहाणपण पुढें अनेक देशांनीं अनुभविलें.

पीप्सनें त्या संपत्तीचें दर्शन स्वतःच्या पायांनीं घेतलें होतें. आदल्याच वर्षीं, १६६५ च्या नोव्हेंबरांत, इंग्रजांनीं पकडलेल्या डच व्यापारी जहाजांच्या पाहणीस तो गेला. फटीफटींतून मिरीं सांडलेलीं, आणि लवंगा व जायफळें इतकीं, कीं तो गुडघ्याच्या वर त्यांत बुडून चालला. एवढें ऐश्वर्य एका गलबताच्या पोटांत पाहून तो थक्क झाला खरा. पण तीं जायफळें ज्यांच्या भूमींतलीं, त्यांचा उल्लेख त्याच्या त्या नोंदींत नाहीं. पुढें १६६७ मध्यें ब्रेडा येथील तहानें बांदांपैकीं रन हें बेट डचांकडे राहिलें आणि अमेरिकेंतील मॅनहॅटन इंग्रजांकडे. ज्या बेटावर आज न्यूयॉर्क शहराचें हृदय वसलेलें आहे, त्याच्या बदल्यांत जायफळाच्या झाडांचें एक ठिपक्याएवढें बेट देऊन घेणें तेव्हां कोणाला वेडेपणाचें वाटलें नाहीं.

डचांची मक्तेदारीही टिकली नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस व पुन्हा १८१० सालीं इंग्रजांनीं बांदा बेटें घेतलीं आणि तेथील रोपें सिंहलद्वीप, पेनांग आदि ठिकाणीं नेऊन लावलीं. आज जायफळ आपल्या कोंकणांतही पिकतें व घरोघरीं श्रीखंडावर किसलें जातें. इ. स. १६२१ च्या संहारांतून जे थोडे बांदावासी होड्यांनीं निसटले, त्यांतील कांहीं आग्नेयेकडील काई बेटांवर जाऊन वसले. त्यांच्या वंशजांचीं दोन गांवें तेथें आहेत; बांदांची जुनी भाषा बांदा बेटांवर आतां कोणी बोलत नाहीं, ती त्या गांवांत बोलली जाते.