थळ आणि समोरची दोन बेटे

अलिबागच्या उत्तरेला, समुद्राला लागून थळ आहे. जिल्हा रायगड, १९८१ पूर्वी यालाच कुलाबा म्हणत. कोळ्यांच्या होड्या, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि १९८५ च्या सुमाराचा खतकारखाना, एवढे सांगितले की थळची माहिती झाली असे पुष्कळांना वाटते. पण थळ समजायचे तर समुद्राकडे तोंड करून उभे राहा.

समोर दोन बेटे दिसतील. जवळचे उंदेरी, पलीकडचे खांदेरी. मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर खांदेरीवरून नजर राहते. म्हणूनच १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना तेथे किल्ला बांधायला धाडले. इंग्रजांनी लढाऊ जहाजांचा वेढा घातला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी झुंज झाली. मराठ्यांची गलबते मागे हटली, हे लपवायचे कारण नाही. पण खांदेरीची रसद काही तुटली नाही! कशी तुटणार? इंग्रजांची मोठी जहाजे बोजड, खोल पाण्याची, वाऱ्याच्या भरवशावर चालणारी. आपल्या होड्या हलक्या, वल्ह्यांच्या. रात्री उथळ पाण्यातून त्या निसटून जात. तेव्हा गुरुजी, ही लढाई शिकवताना आधी फळ्यावर किनारा काढा. सनावळी मग सांगा.

१६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह केला. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने मात्र उंदेरी बळकावली. म्हणजे थळ आणि खांदेरी यांच्या मधोमध शत्रूच्या तोफा येऊन बसल्या. ते बेट मराठ्यांच्या हाती यायला पुढे सुमारे ८० वर्षे लागली.