सिरॅमिक कोटिंग (मोटारीच्या रंगावरील)

मोटारीच्या रंगावर हाताने लावला जाणारा सिलिकाप्रधान, पारदर्शक आणि पाणी न धरणारा पातळ लेप. कडक झाल्यावर त्याची जाडी साधारणपणे एक-दोन मायक्रॉन भरते. मेणासारखा तो रंगावर नुसता बसून राहत नाही, वरच्या थराला घट्ट धरून राहतो. त्यामुळे साध्या शाम्पूने तो निघत नाही. काढायचाच झाला तर घासून काढावा लागतो. भारतात तो डिटेलिंग स्टुडिओत करून मिळतो आणि नव्या गाडीच्या खरेदीच्या वेळी शोरूममधूनही त्याचा आग्रह होतो. त्यावर पैसे घालावेत की नाही, हे गाडीच्या किमतीपेक्षा ती रोज कोण पुसतो आणि उभी कुठे असते यावर ठरते.

रंगाचे थर : कारखान्यात पत्र्यावर प्रथम विद्युतभाराच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर बिनरंगी क्लिअर कोट येतो. बेस कोट व क्लिअर कोट वेगळे देण्याची पद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र रुळली. नव्या गाडीवर या सगळ्यांची मिळून जाडी बहुधा १०० ते १४० मायक्रॉन असते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनांचा. गाडीची चमक म्हणून आपण जी पाहतो ती या वरच्या थराच्या गुळगुळीतपणाची असते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात घातलेली असतात. सिरॅमिक कोटिंग या क्लिअर कोटवर बसते आणि त्याच्या मानाने ते नगण्य जाडीचे असते. पुढच्या बऱ्याच दाव्यांचा निकाल या एका प्रमाणातच लागतो.

घटक व गुणधर्म : बाटलीतल्या द्रवात पॉलिसिलाझेन, सायलेन किंवा सिलोक्सेन वर्गातली संयुगे द्रावकात विरघळवलेली असतात. द्रावक उडून गेला की उरलेली संयुगे हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया करून सिलिकासदृश जाळे तयार करतात. भट्टीत भाजून निघणाऱ्या सिरॅमिकशी या लेपाचे नाते एवढ्यापुरतेच आहे. मोटारीवर हे सगळे खोलीच्या तापमानाला घडते आणि तयार होणाऱ्या जाळ्यात सेंद्रिय गटही शिल्लक राहतात.

लेपावर पडलेले पाणी पसरत नाही, थेंब धरते. बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म बार्टलॉट आणि त्यांचे सहकारी क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी कमळाच्या पानावरचा हाच प्रकार अभ्यासून १९९७ मध्ये त्याची मीमांसा प्रसिद्ध केली. कोटिंगच्या जाहिरातीत कमळाचे पान हमखास दिसते ते तेव्हापासूनच्या या संशोधनाच्या जोरावर. कोकणात परसातले अळूचे पान तेच काम करते. परंतु अळू आणि कमळ यांची खरी करामत पानावरच्या मेणात व सूक्ष्म उंचवट्यांत आहे. उंचवट्यांवर थेंब अक्षरशः तरंगतो आणि त्याचा स्पर्शकोन १५० अंशांपलीकडे जातो. कोटिंग केलेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो कोन १०० ते ११० अंशांच्या आसपास राहतो. म्हणून अळवावरून पाणी निसटून जाते, तर बॉनेटवर ते थेंबाथेंबाने बसून राहू शकते. हा फरक पुढे पाण्याच्या डागांच्या संदर्भात महाग पडतो.

‘९एच’चा दावा : बहुतेक बाटल्यांवर ‘९एच कठीणता’ असे छापलेले असते. गिऱ्हाईक ती मोहस् मापनश्रेणी समजतो. त्या श्रेणीत ९ हा अंक कुरुंदाचा, म्हणजे माणिक-नीलमाचा. प्रत्यक्षात ही चित्रकलेच्या पेन्सिलींची श्रेणी आहे. पेन्सिलीचे शिसे सँडपेपरवर सपाट करून घेतात, साडेसातशे ग्रॅमचा भार देऊन पेन्सिल ४५ अंशांत लेपावरून पुढे ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडतो ते पाहतात. ९एच ही त्या श्रेणीतली सर्वांत कठीण पेन्सिल. तरी तिचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट व माती यांचे मिश्रणच. रस्त्यावरच्या धुळीतली वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ, मोहस् ७. दख्खनच्या काळ्या दगडाच्या भुकटीतले फेल्डस्पार ६ च्या आसपास. खडी क्रशरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, तर ९एच लेपावरही रेघा उठणार. दावा खोटा नाही, पण ज्या अर्थाने तो ऐकला जातो त्या अर्थाने खराही नाही.

करण्याची पद्धत : गाडी धुतल्यावर रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा मारतात. ब्रेकच्या धुळीचे कण असतील तिथे तो जांभळा होऊन ओघळतो आणि मालक हटकून फोटो काढतो. नंतर क्ले बारने उरलेला खरखरीतपणा काढतात. पुढचा टप्पा पॉलिशिंगचा, आणि खरे काम हेच. आधी यंत्राने रंगाची जाडी मोजावी, मग मशिनवर फोमचा पॅड लावून कंपाउंडने क्लिअर कोटचा दोन-चार मायक्रॉनांचा थर उतरवावा, म्हणजे त्या खोलीपर्यंतचे ओरखडे त्याच्याबरोबर जातात. त्यानंतर अल्कोहोलयुक्त द्रवाने पॉलिशमधले तेल पुसून घेतात. तेल राहिले तर कोटिंग धरत नाही, शिवाय तेलाने बुजलेले ओरखडे तात्पुरते गायब झाल्याचा भास होतो.

कोटिंगची बाटली जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची असते आणि तेवढ्यात एक मध्यम गाडी होते. फोमच्या ठोकळ्यावर मऊ कापडाचा तुकडा गुंडाळून त्यावर काही थेंब घेतात आणि दोन-अडीच फुटांच्या चौकोनात आधी उभे, मग आडवे हात फिरवतात. थोड्या वेळाने त्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसू लागतात. हीच पुसण्याची वेळ. लवकर पुसले तर लेप निघून येतो, उशीर झाला तर तो गडद पट्ट्यासारखा वाळतो आणि पुन्हा पॉलिश करूनच काढावा लागतो. दमट हवेत अभिक्रिया वेगाने होत असल्याने ही सवड कमी मिळते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बंद, कोरड्या जागेशिवाय हे काम करू नये ते यासाठीच. लावल्यानंतर किमान एक दिवस पाणी लागू द्यायचे नाही आणि आठवडाभर गाडी धुवायची नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. सकाळी आत घेतलेली गाडी संध्याकाळी धुऊन हाती दिली, तर पॉलिशिंगचा किंवा वाळण्याचा टप्पा गाळला असे समजायला हरकत नाही.

कोटिंग झालेली गाडी पाहून लोक ज्या खोल चमकेचे कौतुक करतात तिचे बहुतांश श्रेय पॉलिशिंगचे असते. कोटिंग ती चमक पैदा करत नाही, झाकतही नाही. खाली जे असेल ते काही काळ तसेच राहायला मदत करते. ओरखडे न काढता वर कोटिंग केले तर ते ओरखडे लेपाखाली सुरक्षित राहतात.

ओरखडे येतात कुठून : उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली काळ्या गाडीकडे पाहिले की प्रकाशबिंदूभोवती गोल गोल बारीक रेषा दिसतात. प्रत्यक्षात रेषा सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळाचा आभास होतो. त्यांचे मुख्य कारण पुसणे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत सकाळी एक बादली आणि एक फडके घेऊन गाडी पुसणारा येतो. चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी करडे झालेले असते, आणि चाकाच्या कमानीवरून फिरलेले फडके पिळून बॉनेटवर जाते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गाडीमागे महिन्याला मिळणाऱ्या काही शे रुपयांत याहून जास्त पाणी आणि वेळ बसत नाही. पण ही व्यवस्था चालू ठेवून सिरॅमिक कोटिंग करणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. गाडी धूळभरली राहू द्यावी आणि आठवड्याने भरपूर पाण्याने धुवावी. कोटिंग केलेल्या गाडीला तेच मानवते.

उपयोग व मर्यादा : या लेपाचा खरा फायदा धुण्यात आहे. धूळ, चिखल, किड्यांचे डाग कमी घासण्यात निघतात. घासणे कमी म्हणून नवे ओरखडे कमी. पक्ष्यांच्या विष्ठेतले यूरिक आम्ल उन्हात तापलेल्या क्लिअर कोटवर खळी पाडते. कोटिंगमुळे विष्ठा काढायला थोडा अधिक वेळ मिळतो, पण दोन दिवस तशीच राहिली तर डाग पडणारच. आंब्याखाली लावलेल्या गाडीवर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट स्राव टपकतो, तो मात्र कोटिंगवरून फार सहज निघतो. दसऱ्याच्या पूजेत बॉनेटवर ओल्या कुंकवाने काढलेले स्वस्तिक पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा ठेवून जाते. तीही कोटिंगवर बहुधा राहत नाही. झेंडूच्या हाराची तार घासून पडलेला ओरखडा कोटिंग रोखत नाही. हार दोऱ्यात ओवलेला घ्यावा, हा फुकटचा उपाय आहे.

समोरच्या डंपरमधून उडालेली खडी, पार्किंगमध्ये लागलेले दुसऱ्या गाडीचे दार, किल्लीची रेघ, यांपुढे दोन मायक्रॉन काही करू शकत नाहीत. खारी हवा लागणाऱ्या रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर गंजाच्या भीतीने कोटिंग करून घेणारे बरेच आहेत. पण गंज धरतो तो खालून, सांध्यांतून, दाराच्या आतल्या कडांतून. तिथे हा लेप पोचतच नाही. अतिनील किरणांपासून संरक्षणाचा दावाही एवढ्या पातळ थराच्या बाबतीत फार ताणू नये.

पाण्याचे डाग ही कोटिंगवाल्या गाडीची स्वतःची व्याधी. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या रंगावर पाणी पसरून वाळते, कोटिंगवर थेंब सुटे बसतात आणि प्रत्येक थेंब आपले सगळे क्षार एका कड्यात सोडून जातो. ताजे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने जातात. उन्हात महिनाभर भाजलेले डाग लेपासकट पॉलिश करावे लागतात. ज्यांच्या सोसायटीत फक्त बोअरचे पाणी आहे आणि धुतल्यावर गाडी मायक्रोफायबरने लगेच टिपून घेण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी कोटिंगच्या वाटेला न जाणे बरे.

खर्च व पर्याय : व्यावसायिक कोटिंगला छोट्या गाडीसाठी साधारण १२ ते २५ हजार आणि मोठ्या एसयूव्हीसाठी २५ ते ५० हजार रुपये पडतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. यातला मोठा भाग मजुरीचा, म्हणजे पॉलिशिंगचा असतो. भाव विचारताना कोटिंगचे थर किती, हे विचारण्यापेक्षा पॉलिशिंगचे टप्पे किती आणि जाडी मोजून दाखवणार का, हे विचारणे उपयोगाचे.

ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण स्वस्त आणि देखणे, पण आपल्या उन्हात काही आठवडेच टिकते. शोरूममध्ये वर्षानुवर्षे विकले गेलेले ‘टेफ्लॉन कोटिंग’ नावापुरतेच. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना सापडलेले ते बहुवारिक धातूवर पक्के बसवायला ३०० अंशांहून बरेच अधिक तापमान लागते आणि तेवढ्यात गाडीचा रंगच जळून जाईल. ‘ग्राफीन’ हा त्याच बाजारातला नवा शब्द. घरी मारण्याचा सिलिकायुक्त फवारा काही महिने पाण्याचे थेंब धरतो आणि स्वतःची गाडी स्वतः धुणाऱ्या माणसाला पुष्कळदा तेवढाच पुरतो. खडीची धास्ती असेल तर पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉनांची फिल्म हाच उपाय; संपूर्ण गाडीला ती लाखाच्या घरात जाते, म्हणून अनेक जण फक्त बंपर आणि बॉनेटला लावतात.

झाकलेल्या जागेत उभी राहणारी, गडद रंगाची, जिचा मालक ती स्वतः धुणारा किंवा खात्रीच्या माणसाकडून धुऊन घेणारा आणि पाच-सात वर्षे ठेवणारा असेल, अशा गाडीला कोटिंग शोभते. रस्त्याकडेला झाडाखाली राहणाऱ्या पांढऱ्या हॅचबॅकला एकदाच चांगले पॉलिश आणि वर्षभराचा शाम्पू पुरे. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याला कोटिंगचे पैसे विक्रीत परत मिळत नाहीत; जुन्या गाडीचा गिऱ्हाईक किलोमीटर आणि विम्याचे दावे पाहतो. नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर घाई करू नये. गॅरेजमधला रंग साधारण ६० अंशांवर भाजलेला असतो, कारखान्यातल्यासारखा १४० वर नव्हे, आणि त्यातला द्रावक पूर्ण निघून जायला महिनाभर लागू शकतो.

वॉरंटी : तीन, पाच, सात वर्षांच्या कार्डाच्या मागल्या बाजूस दरवर्षीच्या सशुल्क तपासणीची अट असते. ती चुकली की कार्ड रद्द. पाण्याचे डाग, विष्ठेचे डाग आणि ओरखडे बहुधा वगळलेले असतात, म्हणजे ज्या तक्रारी येण्याचा संभव आहे त्याच. व्यवहारात उघड्यावरच्या गाडीवर पाणी थेंब धरायचे दोन-तीन वर्षांत मंदावते. त्यानंतर नवे कोटिंग करायचे तर जुने घासून काढणे आले आणि दर खेपेला क्लिअर कोटचे आणखी काही मायक्रॉन जातात. असे किती वेळा करता येईल हे जाडी मोजणारे यंत्र सांगते; क्लिअर कोट फारच पातळ झालेला असला, तर चांगला डिटेलर मशिन लावायला नकार देतो.