उलट्या हाताची बंदूक

 

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी डावखुरा आहे. लहानपणी पाटीवर डाव्या हातानं अक्षर काढलं की आजी हळूच पेन्सिल उजव्या हातात द्यायची. ती रागवायची नाही, फक्त हात बदलायची. लिहायला मी उजव्या हातानं शिकलो, पण कात्री, विळी आणि डबे उघडायचं यंत्र अजूनही माझ्याशी भांडतात. जगातल्या दर दहा माणसांपैकी साधारण एक जण डावखुरा असतो, आणि उरलेल्या नऊ जणांसाठी बनवलेल्या वस्तू वापरत तो जगतो. आज अशाच एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती आहे बोल्ट असलेली शिकारी रायफल, आणि तीही डाव्या हाताची.

आधी बोल्ट म्हणजे काय ते पाहू. आपल्या दाराला आडवी सरकवायची कडी असते. तिची दांडी उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि खाली पाडायची. बोल्ट रायफल अगदी तशीच चालते. दांडी उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते, पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत जातं, आणि दांडी खाली पाडली की दार बंद. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याचा तो सामना आठवला, तर दर गोळीमागे बोल्टकडे जाणारा हातही आठवेल.

आता प्रश्न असा की ही दांडी कोणत्या बाजूला? उत्तर जवळजवळ नेहमी एकच: उजव्या. त्यामागचं कारण सैन्यात सापडतं.

जर्मनीच्या ड्रायझेची सुईबंदूक प्रशियाच्या सैन्यानं 1841 मध्ये स्वीकारली आणि बोल्टचं युग सुरू झालं. पुढे ओबर्नडॉर्फच्या पॉल माउझरनं ही रचना सुधारत नेली. त्याचं 1898 चं मॉडेल इतकं नेटकं होतं की आजच्या कित्येक शिकारी रायफली त्याच घराण्यातल्या आहेत. पण हे सगळं सैन्यासाठी होतं. रांगेत उभ्या शंभर शिपायांनी एकाच खांद्याला, एकाच लयीत बंदूक लावायची असते. तिथे डावखुऱ्याची सोय कोण पाहणार? त्यालाही उजवा खांदाच शिकवला जायचा.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. शिकारीच्या सगळ्याच बंदुका डावखुऱ्याशी अशा वागत नव्हत्या. लंडनचे कारागीर दोन नळ्यांची रायफल बनवत, तिचा दस्ता गिऱ्हाइकाच्या मापानं किंचित डावीकडे किंवा उजवीकडे वळवत. अमेरिकेतल्या विंचेस्टरची दांडी खाली, चापाभोवती असायची. ती कोणत्याही हातानं चालते. अडचण आणली ती बोल्टनं. आणि विसाव्या शतकात स्वस्त, मजबूत, अचूक म्हणून शिकारीत बोल्टच पसरला.

डावखुऱ्या शिकाऱ्याला काय करावं लागे? गोळी झाडली की डावा हात चापावरून काढून बंदुकीच्या वरून पलीकडे न्यायचा आणि दांडी हलवायची, किंवा बंदूक खांद्यावरून उतरवायची. हरणाच्या मागे असाल तर एक संधी हुकते. समोर जखमी रानडुक्कर असेल तर तेवढे दोन क्षण महागात पडतात. माउझरमध्ये आणखी एक गोष्ट होती. काडतूस फाटलं तर उसळणारा गरम वायू बोल्टच्या छिद्रांतून डाव्या बाजूच्या खाचेत सोडण्याची सोय त्यात केलेली आहे. उजव्या हाताच्या माणसाला ती वाचवते. डावखुऱ्याचा चेहरा मात्र नेमका त्याच बाजूला असतो. म्हणजे एकाच्या सुरक्षिततेची रचना दुसऱ्याला अडचणीची.

मग लोकांनी जुगाड केले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैन्याच्या जुन्या माउझर आणि स्प्रिंगफील्ड स्वस्तात मिळू लागल्या. घरोघरी, गावोगावी लोक त्यांचा दस्ता बदलून शिकारी रायफल बनवत. पण त्या ढिगात डाव्या हाताची एकही नव्हती, कारण सैन्यानं ती कधी बनवलीच नव्हती. म्हणून डावखुरे गिऱ्हाईक बंदूकदुरुस्तीवाल्याकडे जाऊन म्हणायचे, बाबा रे, दांडी डावीकडे आण. तो दांडी कापून डाव्या बाजूला जोडायचा आणि चौकटीत नवी खाच पाडायचा. पुंगळी मात्र पूर्वीसारखी उजवीकडेच उडायची, कारण आतली यंत्रणा उलटवणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. खरी डावी रायफल करायची तर पुंगळी ओढणारा आकडा, तिला बाहेर फेकणारा भाग, बोल्ट अडवणारा खटका, सेफ्टी, सगळं आरशात दिसावं तसं उलटं घडवावं लागतं. आणि चौकटीत नवी खाच पाडली की ज्या पोलादानं स्फोटाचा दाब पेलायचा, तेच कमी होतं.

कारखान्यातून बाहेर पडणारी डावी बोल्ट रायफल सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती आली ती 1959 मध्ये. सॅव्हेज या अमेरिकन कंपनीनं आदल्याच वर्षी 110 नावाची रायफल काढली होती. तिचा रचनाकार निकोलस ब्रूअर. नावातला 110 हा आकडा किमतीवरून आला असं सांगतात, कारण ती 109.95 डॉलरला विकली जाई. नळी एका मोठ्या नटानं बसवायची साधी युक्ती त्यात होती, त्यामुळे जुळणीचा वेळ आणि खर्च वाचला. अशा स्वस्त रचनेत थोड्या खपाची उलटी आवृत्ती काढणंही परवडलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या रॉय वेदरबीनंही आपली महागडी मार्क फाइव्ह डाव्या हातासाठी दिली. रेमिंग्टनची 788 ही स्वस्त रायफल 1967 ते 1983 या काळात बनली, पण तिची डावी आवृत्ती फक्त दोन प्रकारच्या काडतुसांसाठी निघाली. म्हणून आज ती शोधावी लागते.

दुर्मीळपणाचा अर्थ दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. उजव्या माउझरचा आकडा तुटला तर जुन्या बाजारात दुसरा मिळतो. डाव्या रायफलचा एक छोटा भाग तुटला की तो पोलादातून नव्यानं घडवावा लागतो. तयार दस्ताही मिळत नाही. अक्रोडाचा ठोकळा घेऊन गालाचा टेकू उलट्या बाजूला ठेवत नव्यानं कोरावा लागतो.

काही कामं मात्र जुन्याच रीतीची आहेत. दस्त्याला पोचे पडले असतील तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवतात. वाफेनं दबलेले तंतू फुगतात आणि पोचा वर येतो. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, एकावर एक, मध्ये दिवस जाऊ देत. पोलादाला काळी झिलई द्यायची जुनी पद्धत तर गमतीची आहे. मुद्दाम बारीक गंज चढवतात, मग भाग उकळत्या पाण्यात धरतात. तांबडा गंज काळा होतो, सुटी पूड मऊ ब्रशनं झाडतात आणि पुन्हा तेच. असे अनेक फेरे झाले की जो खोल काळा रंग येतो तो कारखान्यातल्या घाईत येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समजा एखाद्याच्या हाती अशी जुनी माउझर आली, जिची दांडी कुणा गावठी कारागिरानं डावीकडे जोडली आहे. सांधा बेढब, झिलई उडालेली. जाणकार म्हणेल, हे खराब काम काढून टाका, बंदूक मूळ रूपात आणा, किंमत वाढेल. माझं मन तिथे अडतं.

जिम कॉर्बेटची गोष्ट आठवा. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल 1907 मध्ये त्यांना रिग्बीची .275 रायफल भेट मिळाली, दस्त्यावर चांदीची पाटी लावलेली. ती आज जपून ठेवली आहे. तिला घासूनपुसून नवीकोरी करा असं कुणी म्हणेल का? तिच्यावरचे ओरखडे हीच तिची कहाणी. मग त्या अनाम डावखुऱ्याच्या बेढब सांध्याला तोच न्याय का नको? कारखान्यानं त्याच्यासाठी बंदूक बनवली नाही, म्हणून त्यानं जगाला थोडं वाकवून आपल्या हाताशी आणलं. तो सांधा हा एका माणसाच्या नकाराचा पुरावा आहे. तो पुसला तर बंदूक मूळ होईल, पण त्या माणसाचं नाव नसलेलं चरित्र जाईल.

मात्र जपणं वेगळं आणि झाडणं वेगळं. खाच पाडून अशक्त झालेली चौकट जाणकारानं तपासल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये, तिची जागा भिंतीवर. आणि आपल्याकडे हा घरी बसून करायचा छंद नाही. योगायोग पाहा, सॅव्हेजची डावी रायफल आली त्याच 1959 साली आपला शस्त्र कायदा झाला, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा काळ मागे पडला. परवाना, परवानाधारक कारागीर आणि नोंद याशिवाय बंदुकीच्या एका स्क्रूलाही हात लावायचा नाही. आपल्यासाठी या बंदुका इतिहास म्हणून आहेत, आणि तो इतिहास प्राण्यांपेक्षा माणसांविषयी जास्त सांगतो.

आजीची आठवण पुन्हा येते. ती वाईट नव्हती. जग उजव्या हाताचं आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं माझा हात बदलला. कुठल्याशा गावातल्या त्या लोहारानं मात्र हात तसाच ठेवला आणि दांडी बदलली. तुमच्या घरात एखादं मूल डाव्या हातानं चित्र काढत असेल, तर या दोघांपैकी कुणासारखं वागायचं ते तुम्ही ठरवा.

तुमच्या घरातली अशी एखादी उलटी वस्तू असेल, आजोबांची डावी कात्री किंवा मावशीची उलटी विळी, तर तिची गोष्ट जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.